'फिफ्टी शेड्स'चं कथानक नेमकं कुठे फसतं?

कथाशोधक

ई. एल. जेम्स यांच्या 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' या कादंबरीवर आजवर जी टीका वाचली, ती बहुतेक दोन प्रकारची. एक, भाषा भिकार आहे. दोन, विषय घाणेरडा आहे. भाषेबद्दल वाद नाही. विषयाबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. दोन प्रौढ माणसं राजीखुशीने बंधन, हुकूम, वेदना असलं काही करत असतील तर त्यावर चांगली कादंबरी होऊ शकते. उलट हा विषय कादंबरीकाराला फार सोयीचा, कारण एरवी नात्यात न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी इथे आधी बोलाव्या लागतात.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अ‍ॅना स्टील ही २१ वर्षांची, इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी. ख्रिश्चन ग्रे हा सिअ‍ॅटलमधला २७ वर्षांचा अब्जाधीश. मैत्रीण केट आजारी पडल्यामुळे अ‍ॅना त्याची मुलाखत घ्यायला जाते. त्याला ती आवडते, पण त्याला नातं हवंय ते कराराने बांधलेलं: तो हुकूम देणार, ती ऐकणार. करार तीन महिन्यांचा, कलमवार लिहिलेला, नियम आणि मर्यादांच्या याद्या जोडलेला. शेवटी ती त्याला सोडून जाते आणि पहिला भाग संपतो.

माझं म्हणणं असं की करार हे या गोष्टीचं इंजिन आहे आणि ते शेवटपर्यंत सुरूच होत नाही. अ‍ॅना करारावर सही करत नाही. म्हणजे पाळला असता तर काय झालं असतं, मोडला असता तर काय, यातलं काहीच घडत नाही. कथा सगळी मे-जून २०११ मधल्या काही आठवड्यांत उरकते, कराराची तीन महिन्यांची मुदत लागूच होत नाही.

तुम्हाला काय वाटतं? भाषेचा मुद्दा सोडून केवळ रचनेवर बोलूया. प्रकरणाचा हवाला देऊन बोललात तर अधिक चांगलं.

मुद्देसूद

सहमत, पण करार सुरू होत नाही हा परिणाम झाला. मूळ दुखणं त्याच्या आधीचं आहे, क्रमाचं.

ग्रेचे नियम बघा. तो प्रेमबिम करत नाही, कुणाशेजारी झोपत नाही, कुणाला अंगाला हात लावू देत नाही. सातव्या प्रकरणात तो तिला बंधनाच्या साधनांनी भरलेली आपली खोली दाखवतो आणि तिला कसलाच अनुभव नाही हे त्याला कळतं. आठव्यात तो आपला पहिला नियम मोडतो, पाठोपाठ दुसरा. कराराचा पूर्ण मजकूर वाचकासमोर येतो अकराव्या प्रकरणात!

म्हणजे माणूस बदलून झाला आणि मग त्याच्या अटी आल्या. अटी वाचताना वाचकाला ठाऊक असतं की हा या अटी पाळत नाही, तिच्यासाठी तर नाहीच. मग त्या कलमांत ताण कुठून येणार? करार चौथ्या-पाचव्या प्रकरणात आला असता आणि नियम पंधराव्यात मोडला असता, तर तोच प्रसंग दसपट मोठा झाला असता.

पानवेल

मी थोडी विरुद्ध बाजू मांडते. हे पुस्तक कथानकासाठी कुणी घेतलंच नाही. तीन भागांच्या मिळून १० कोटींहून जास्त प्रती गेल्या आहेत. इतक्या वाचकांना काहीतरी मिळालं म्हणूनच ना? प्रणयकथेत 'आता काय होणार' यापेक्षा 'हे दोघं एकमेकांकडे कसे बघतात' हे महत्त्वाचं असतं. शेवट काय होणार हे वाचक पहिल्या पानावरच ओळखतो आणि त्याला ते चालतं.

आणि काही प्रसंग रचनेच्या दृष्टीनेही चांगले आहेत. दुसऱ्या प्रकरणातला हार्डवेअरच्या दुकानातला प्रसंग घ्या. ती तिथे कामाला, तो येऊन केबल टाय, मास्किंग टेप आणि दोरी मागतो. ती निरागसपणे मोजून देते. वाचकाला थोडा संशय आहे, तिला काहीच नाही. माहितीच्या या फरकावर प्रसंग उभा आहे आणि तो नीट उभा राहतो. तेराव्या प्रकरणातलं हॉटेलातलं जेवणही तसंच. दोघं समोरासमोर बसून एकेका कलमावर घासाघीस करतात. तिथे तिला पहिल्यांदा बोलायला जागा मिळते.

मुद्देसूद

@पानवेल, जेवणाच्या प्रसंगाबद्दल एकदम मान्य, पुस्तकातला तो सर्वात सशक्त भाग. आणि म्हणूनच राग येतो. तिथे ती म्हणते की हा करार कोर्टात टिकणारा नाही, आणि तो म्हणतो मला माहीत आहे. केवढी मोठी गोष्ट आहे ही! कायद्याचं बळ नाही म्हणजे करार टिकणार तो फक्त दोघांच्या शब्दावर. इथून कथानकाला तोंड फुटायला हवं होतं: शब्द कोण पाळतो? पण जेवण संपतं, ती घरी जाते, आणि पुढच्या प्रकरणात पदवीदान समारंभ.

प्रणयकथेत शेवट ठाऊक असतो हे खरं. पण म्हणूनच मधल्या अडथळ्याला वजन लागतं. शेवट ठरलेला आणि अडथळाही पोकळ, मग वाचकाने धरून काय ठेवायचं?

शब्दखूण

अडथळा पोकळ का आहे याचं कारण पुस्तकाच्या जन्मात आहे. हे मुळात 'ट्वायलाइट' या व्हॅम्पायरच्या प्रेमकथेचं फॅनफिक्शन, म्हणजे तीच पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली गोष्ट. 'मास्टर ऑफ द युनिव्हर्स' या नावाने इंटरनेटवर प्रकरणाप्रकरणाने येत होतं, लेखिकेचं टोपणनाव होतं 'स्नोक्वीन्स आइसड्रॅगन'. मग नावं बदलून २०११ मध्ये एका छोट्या ऑस्ट्रेलियन प्रकाशनाने ते काढलं आणि २०१२ मध्ये व्हिंटेज या मोठ्या प्रकाशनाने उचललं. कथा वॉशिंग्टन राज्यात घडते तीही त्यामुळेच, 'ट्वायलाइट'चं फोर्क्स गाव तिथलंच.

आता 'ट्वायलाइट'चा अडथळा काय? मुलगा रक्तपिपासू (व्हॅम्पायर) आहे, त्याचा ताबा सुटला तर मुलगी मरेल. त्यामुळे 'माझ्यापासून लांब राहा' या त्याच्या वाक्याला अर्थ आहे. तिथे तडजोड शक्यच नाही, कारण धोका त्याच्या शरीरात आहे.

फॅनफिक्शन करताना रक्तपिपासूचा अब्जाधीश झाला आणि तहानेच्या जागी बीडीएसएम (बंधन, हुकूम, वेदना यांचा राजीखुशीचा खेळ) आलं. 'लांब राहा, मी तुझ्यासाठी योग्य नाही' हे वाक्य मात्र जसंच्या तसं राहिलं. पण आवडीनिवडी बोलून सुटतात! यादी काढा, नको ते खोडा, हवं ते ठेवा, संपलं. ज्या गोष्टीवर टेबलाशी बसून बोलता येतं तिला शापासारखं वागवलं की प्रत्येक संवादात खोटेपणा येतो. ग्रे कपाळावर आठ्या घालून स्वतःला धोकादायक म्हणवतो आणि वाचकाला कळत नाही की धोका नक्की कसला.

कोकणकडा

@शब्दखूण यांचा मुद्दा पटला. यालाच जोडून दुसरा: प्रकरणाप्रकरणाने लिहिल्याचा वळ पूर्ण पुस्तकावर आहे.

क्रमशः लिहिताना दर प्रकरणाच्या शेवटी वाचकाला उद्या परत आणायचं असतं. त्यामुळे शेवटाला एक धक्का: ती बेशुद्ध पडते, तो अचानक दारात उभा, ती एक वाक्य बोलते आणि पडदा. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या दोन पानांत धक्का विरतो. इंटरनेटवर दोन भागांमध्ये काही दिवस जातात म्हणून हे खपतं. पुस्तकात पान उलटलं की लगेच कळतं की हे काहीच नव्हतं. असं पाच-सहा वेळा झालं की वाचक धक्क्यांवर विश्वास ठेवणं सोडून देतो.

पुढच्या भागांत तर हेच मोठ्या प्रमाणावर. दुसऱ्या भागात ग्रेचं हेलिकॉप्टर बेपत्ता होतं. सगळं घर जमतं, टीव्हीवर बातमी, रडारड. आणि त्याच रात्री तो चालत घरी येतो. तिसऱ्यात नणंदेचं अपहरण, ५० लाख डॉलरची खंडणी. हे बाहेरून आणलेले प्रसंग आहेत. आतला संघर्ष संपला म्हणून बाहेरून खलनायक मागवावा लागला.

नाट्यवेडी

कराराचा विषय निघालाय तर मराठी वाचकाला 'सखाराम बाइंडर' आठवल्याशिवाय राहणार नाही. १९७२चं तेंडुलकरांचं नाटक, रंगमंचावर निळू फुले आणि लालन सारंग. त्याचा बीडीएसएमशी संबंध नाही आणि सखारामच्या घरात बाईला निवडीचा हक्क नावापुरताच, हे आधीच सांगते. इथे फक्त रचना बघूया.

नाटक उघडतं तेच अटींनी. सखाराम टाकलेल्या बाईला घरी आणतो आणि पहिल्या प्रवेशात घराचे कायदे सांगतो: काय करायचं, काय चालणार नाही, पटलं नाही तर जायला मोकळी, तिकिटाचे पैसे मी देईन. पाच मिनिटांत प्रेक्षकाला पूर्ण करार समजतो. त्यानंतरचा प्रत्येक प्रवेश म्हणजे त्या कराराला बसणारा एकेक तडा. लक्ष्मी अटी पाळते आणि पाळता पाळता सखारामच बदलत जातो. चंपा अटींना भीकच घालत नाही. मग लक्ष्मी परत येते आणि एका घरात दोन करार एकमेकांवर आदळतात. शेवटचा खून आभाळातून पडत नाही, पहिल्या प्रवेशातल्या 'या घरात माझंच चालतं' यातूनच तो येतो.

तेंडुलकरांनी करार कागदावर लिहिलाही नाही आणि पूर्ण नाटक त्यावर चालवलं. जेम्सबाईंनी पानंच्या पानं कलमं छापली आणि एकाही कलमाचा पुढे उपयोग केला नाही.

कथाशोधक

@नाट्यवेडी, हेच म्हणायचं होतं, इतकं नेमकं सुचत नव्हतं. 'नियम आधी, तडे नंतर.'

गाठीनिरगाठी

बीडीएसएमच्या बाजूने लिहितो, कारण रचनेतल्या बऱ्याच चुका विषयाच्या अपुऱ्या माहितीतून आल्या आहेत. लेखिकेने वस्तूंची नावं गोळा केली, पद्धत बघितली नाही.

आधी वाटाघाटी. जाणकार लोक बोलणी कधी करतात? कपडे अंगावर असताना, दारू न पिता, शक्यतो वेगळ्या दिवशी. यादी असते: हवंच, चालेल, कधीच नाही. शरीराची माहिती विचारतात: दमा, सांधे, जुनी दुखापत, औषधं, भीती कशाची. ही बोलणी नवख्या माणसाने एकट्याने करू नयेत, इतर अनुभवी लोकांशी बोलावं, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. त्यासाठी कॅफेत वगैरे साध्या गप्पांच्या भेटी होतात, तिथे बाकी काही होत नाही.

पुस्तकात काय होतं? सहाव्या प्रकरणात ती गोपनीयतेच्या करारावर न वाचता सही करते. म्हणजे विचारायचं तर कुणालाच विचारता येत नाही, केटलाही नाही. तो म्हणतो इंटरनेटवर वाच. आणि तिच्याकडे स्वतःचा संगणकही नाही, तो यानेच द्यायचा! एका बाजूला सगळी माहिती, पैसा आणि अनुभव, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. या परिस्थितीतली 'हो' किती खरी, हा कादंबरीचा मध्यवर्ती प्रश्न व्हायला हवा होता. लेखिकेने प्रश्न पुढ्यात मांडला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. गोपनीयतेच्या करारामुळे ती एकदा तरी ठोस अडचणीत आली असती, केटशी कायमचं बिनसलं असतं, तर त्या सहीला अर्थ आला असता.

आता सेफवर्ड, म्हणजे थांबवण्यासाठी आधी ठरवून ठेवलेला शब्द. पुस्तकात दोन आहेत, 'यलो' म्हणजे जरा थांब, 'रेड' म्हणजे बंद. पद्धत बरोबर आहे. शेवटच्या प्रकरणात ती म्हणते मला सर्वात वाईट काय असतं ते दाखव. तो पट्ट्याने सहा फटके मारतो, ती मोजते, रडते, आणि निघून जाते. सेफवर्ड वापरतच नाही. पुढच्या भागात तो तिला विचारतो की तू तो शब्द का वापरला नाहीस, आणि विषय तिथेच मिटतो.

ती शब्द का वापरत नाही? याची खरीखुरी कारणं असू शकतात. नवखा माणूस गोठतो, तोंडातून शब्द फुटत नाही. किंवा समोरच्याला निराश करायचं नसतं. किंवा शब्द म्हटला तर नातं संपेल ही भीती. म्हणूनच अनुभवी माणूस केवळ शब्दावर विसंबत नाही. मध्ये थांबून विचारतो, श्वास बघतो, हाताची पकड बघतो, तोंड बंद असेल तर हातात एखादी वस्तू देतो, ती खाली टाकली की लगेच थांबायचं. ग्रे यातलं काही करत नाही. तो अननुभवी असता तर समजलं असतं. पण याआधी त्याच्या पंधरा साथीदार झाल्या आहेत असं पुस्तकच सांगतं.

आणि नंतरची देखभाल. प्रसंग संपल्यावर पांघरूण, पाणी, थोडं गोड, जवळ बसणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारपूस. ताण उतरताना अनेकांना काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी एकदम उदास वाटतं. सोळाव्या प्रकरणात तो तिला मारतो आणि निघून जातो, ती रडत बसते. बरोबर केलं असतं तर हा कथेचा कळीचा क्षण होता: याला मारता येतं, सांभाळता येत नाही. लेखिका त्याला मेल आणि मग परत भेट यावर मिटवते.

पुणेरी_वाचक

@गाठीनिरगाठी, उत्तम प्रतिसाद. केबल टायबद्दल पण लिहा. तो वापर बघून बऱ्याच लोकांनी अनुकरण केलं असणार अशी धास्ती वाटते.

गाठीनिरगाठी

केबल टाय एकाच दिशेने सरकतो. आवळला गेला की सैल होत नाही, हात हलवला तर आणखी आवळतो, कडा अरुंद आणि धारदार. मनगटात रक्तप्रवाह आणि मज्जातंतू दोन्ही दाबले जातात आणि कापायला पक्कड किंवा कात्री लागते, तीही कातडीला लागून. माणसाला बांधायला ही वस्तू वापरूच नये.

दोरीचं म्हणाल तर तो पाच यार्ड घेतो, म्हणजे साडेचार मीटर. दोन मनगटं बांधायला पुरेल. ताग किंवा सुताची साधारण ६ मिलिमीटर जाडीची, सात-आठ मीटरची दोरी बहुतेक जण वापरतात. लांबी जास्त कारण एका वेढ्याने भार एका जागी येतो, चार-पाच वेढे शेजारी शेजारी घेतले की विभागला जातो. दोरी आणि कातडीमध्ये दोन बोटं जायला हवीत. बोथट टोकाची, रुग्णवाहिकेत असते तशी कात्री हाताशी. दंडाच्या बाहेरच्या अंगाने रेडियल नावाचा मज्जातंतू जातो, तिथे दाब आला तर मनगट लुळं पडतं आणि ते बरं व्हायला आठवडे लागू शकतात. मुंग्या आल्या, अंगठा वर उचलता येईना की लगेच सोडायचं. बांधलेल्याला एकटं सोडायचं नाही आणि गळ्याभोवती काही नको.

हे सगळं लेखनासाठीही कामाचं आहे. बोटांना मुंग्या आल्या, सांगू की नको, सांगितलं तर तो थांबेल आणि मला थांबायला नकोय. हा एका परिच्छेदात मावणारा खरा नाट्यक्षण आहे. पुस्तकात अशा जागी अ‍ॅनाच्या मनातली, तिनेच कल्पिलेली 'आतली देवी' नाचते.

पानवेल

ती 'आतली देवी' मलाही नकोशी आहे, तिथे बचाव नाही. 😀 पण एक विचारते. काल्पनिक गोष्टीने सुरक्षिततेचं पुस्तक व्हावं का? प्रत्येक प्रसंगात कात्री आणि पाण्याची बाटली आली तर धुंदी राहील का?

गाठीनिरगाठी

नको, प्रत्येक प्रसंगात नको. पहिल्या वेळी नीट दाखवा, वाचकाला पात्राची पद्धत कळते. नंतर एका वाक्यात भागतं. आणि एके दिवशी तो कात्री काढून ठेवायला विसरला असं लिहिलंत की वाचकाच्या पोटात गोळा येईल. काळजी आधी दाखवली असेल तरच निष्काळजीपणा कळतो.

कलमकसाई

निवेदनाबद्दल कुणीच बोललं नाही. पूर्ण पुस्तक अ‍ॅनाच्या तोंडून, प्रथमपुरुषी, चालू वर्तमानकाळात. याचे दोन तोटे.

पहिला, ग्रेच्या डोक्यात काय चाललंय ते कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे त्याने सांगणं. त्यामुळे त्याचा भूतकाळ तो तुकड्यातुकड्याने बोलून दाखवतो: जन्मदाती आई व्यसनी होती, लहानपणी अंगावर सिगारेटचे चटके, पंधराव्या वर्षी दत्तक आईच्या मैत्रिणीशी संबंध. प्रत्येक तुकडा संवादात येतो, त्यावर अ‍ॅना हळहळते, आणि दोघांच्या वागण्यात काही फरक पडत नाही. माहिती मिळाली की पुढचा निर्णय बदलला पाहिजे. इथे माहिती फक्त साठत जाते.

दुसरा, वर्तमानकाळामुळे तिला मागे वळून बघता येत नाही. हीच गोष्ट पाच वर्षांनी ती सांगते आहे असं असतं, तर 'तेव्हा मला वाटलं होतं की' या एका शब्दसमूहाने संमतीचा पूर्ण गुंता उलगडता आला असता.

२०१५ मध्ये त्याच घटना ग्रेच्या बाजूने सांगणारं वेगळं पुस्तक आलं. तिथे संधी होती. पण संवाद तेच, प्रसंग तेच. दुसरी बाजू सांगायची तर दोघांच्या समजुतीत फरक हवा: तिला जे प्रेम वाटलं तो त्याचा हिशेब होता, किंवा उलटं. तसा फरक नसेल तर दुसऱ्या बाजूची गरज काय?

न्यूजर्सीकर

@कलमकसाई, बालपणाच्या जखमेचा मुद्दा मला वेगळ्या कारणाने खटकतो. त्याची आवड म्हणजे आजार, जखम भरली की आवड जाईल, ही कादंबरीची पूर्ण दिशा आहे. अमेरिकेतल्या मानसिक विकारांच्या डीएसएम-५ या २०१३ च्या सूचीने केवळ वेगळी लैंगिक आवड आणि विकार यांत स्पष्ट फरक केला: स्वतःला त्रास होत नसेल आणि समोरच्याची संमती असेल तर तो विकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या सूचीनेही संमतीने होणाऱ्या गोष्टी यादीतून काढल्या, ती सूची २०२२ पासून लागू आहे.

कुणी म्हणेल कादंबरी याच्या आधीची. पण नुकसान रचनेचंही झालंय. आवड म्हणजे आजार ठरला की शेवट एकच उरतो, बरं होणं. म्हणजे ज्या गोष्टीच्या जोरावर पुस्तक विकलं तीच शेवटी पुसायची! दोघांच्या खऱ्या इच्छा जुळतात का, हा दोन्ही बाजूंना उघडा असलेला प्रश्न बंद झाला.

कोकणकडा

थोडं विषयांतर: २०१५ मध्ये चित्रपट आला तेव्हा आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाने तो अडवला आणि तो भारतात चित्रपटगृहांत लागलाच नाही. पुस्तक मात्र रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवरही मिळत होतं. बंदीमुळे चर्चा अश्लीलतेवर गेली आणि कादंबरी म्हणून तिची चिरफाड राहूनच गेली.

पानवेल

@न्यूजर्सीकर, हा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. पहिल्या भागाचा शेवट मला म्हणूनच आवडला होता. ती जाते. तिला जे हवंय ते तो देऊ शकत नाही, त्याला हवंय ते तिला नकोय. पुस्तक तिथेच संपलं असतं आणि पुढचे दोन भाग नसते, तर आपण आज वेगळं बोललो असतो.

मुद्देसूद

शेवट चांगला आहे, पण तो कमावलेला नाही. ती जाण्याचा निर्णय सहा फटक्यांनंतर घेते. पण फटके लागतात हे तिला सोळाव्या प्रकरणापासून माहीत आहे. मग नवीन काय कळलं? तिने 'रेड' म्हटलं असतं आणि तो एक फटका जास्त मारून थांबला असता, तर जाण्याला कारण मिळालं असतं: शब्द मोडला. किंवा ती 'रेड' म्हणते, तो त्याच क्षणी थांबतो, दोरखंड पट्टे सगळं बाजूला ठेवतो, आणि तरीही तिला कळतं की थांबलेला हा माणूस आता तिच्यासमोर उघडा पडला आहे आणि त्याला ते सहन होत नाही. दुसरा पर्याय जास्त अवघड, आणि जास्त सुंदर.

नाट्यवेडी

दुसरा! 👏

कथाशोधक

मूळ प्रश्नाकडे परत येतो. वरचं सगळं लक्षात घेऊन, तेच २६ प्रकरणांचं पुस्तक, तीच माणसं, तर मांडणी कशी करता येईल? माझा कच्चा आराखडा:

प्रकरण १ ते ४ मध्ये भेट, दुकान, कॉफी. पाचव्यात त्याच्या अटी, अर्ध्या पानात, त्याच्या तोंडून. पूर्ण करार छापायचा नाही, तीनच कलमं जी पुढे मोडली जाणार आहेत. सहा-सातमध्ये जेवण आणि घासाघीस. ती दोन कलमं खोडते, एक स्वतःचं घालते. आठव्यात सही. नऊ ते बारा करार चालतो, आणि चांगला चालतो, हे महत्त्वाचं. तिला यात खरा आनंद मिळतो आणि त्याचं तिलाच आश्चर्य वाटतं. तेराव्यात पहिला भंग, तोही तिच्याकडून: ती केटला सांगते. अठरापर्यंत त्याचे परिणाम. एकोणिसाव्यात तो भंग करतो, तिने घातलेलं कलम मोडतो. त्यापुढे मुद्देसूद यांचा दुसरा शेवट.

यात एकही अपहरण नाही आणि हेलिकॉप्टर पडत नाही.

कलमकसाई

आराखडा चांगला. एकच बदल सुचवतो. तिने घातलेलं कलम काय आहे ते अगदी साधं ठेवा. 'रविवारी सकाळी मला विचारल्याशिवाय फोन करायचा नाही' इतकं साधं. तो अब्जाधीश हेलिकॉप्टर पाठवू शकतो पण रविवारी सकाळी गप्प बसू शकत नाही. मूळ पुस्तकात ती आईकडे जॉर्जियाला जाते आणि तो न विचारता तिथे पोचतो. प्रसंग तयारच आहे, फक्त तिथे मोडायला कलम नव्हतं.

गाठीनिरगाठी

आणि प्रत्येक शारीरिक प्रसंगाआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: तिला काय हवंय, त्याला काय हवंय, कोणती मर्यादा दोघांना माहीत आहे, आणि प्रसंग संपल्यावर काय वेगळं झालेलं असेल. चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो प्रसंग काढून टाका. मूळ पुस्तकाला ही चाळणी लावली तर चार-पाचच प्रसंग उरतात: पहिली रात्र, सोळावं प्रकरण, शेवट आणि फार तर आणखी एखाद-दुसरा.

पानवेल

त्यात न्हाणीघरातला एकही नाही ना? मग ठीक आहे.

@कथाशोधक, तेराव्या प्रकरणात ती केटला सांगते म्हणालात. केट काय म्हणते ते आधी ठरवा. मूळ पुस्तकात केटला ग्रेबद्दल संशय असण्यापलीकडे कामच नाही. ती पत्रकारितेत शिरणारी मुलगी आहे, प्रश्न विचारणं तिचा पेशा. अ‍ॅनाला या विषयावर सरळ आणि न घाबरता प्रश्न विचारू शकेल असं तेच एक पात्र आहे. तिचा पहिला प्रश्न 'तो मारतो का?' असा नको. 'तू खोडलेली कलमं कुठली?' असा हवा.